भोंग्यानंतरची संस्कृती

'आमची कार्यसंस्कृती उत्तम आहे; आपण सारे एक कुटुंब आहोत.' नोकरभरतीच्या जाहिरातींत हे वाक्य आता गुळगुळीत झाले आहे. मराठीच्या अभ्यासकांनी तरी त्यातले सर्वनाम तपासावे. मुलाखतीतले 'आम्ही' नेमणुकीनंतर 'आपण' होते आणि कपातीच्या पत्रात 'व्यवस्थापन'!

मालकाने उभारलेल्या चांगल्या कुटुंबाचे उदाहरण आपल्याकडे नाही, असे नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखान्यासोबत वसाहत वसवली. तिथून 1920 मध्ये निघालेल्या 'किर्लोस्कर खबर'चेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. हे ऋण मोठेच. तरीही ती मालकाच्या दूरदृष्टीने दिलेली संस्कृती होती. कामगाराने स्वतः घडवलेली संस्कृती शोधायला गिरणगावातच जावे लागते. गिरण्यांना रविवारची साप्ताहिक सुटी 1890 साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. कुणा मालकाच्या वात्सल्यामुळे नव्हे. भजनी मंडळे, शाहिरी, कामगार रंगभूमी हे सारे फुलले ते भोंगा वाजून गेल्यानंतरच्या वेळेत. गिरणीत राबलेले अण्णा भाऊ साठे आणि नारायण सुर्वे याच वस्तीने मराठीला दिले.

आज तो भोंगाच वाजेनासा झाला आहे. गणपतीला तळेऱ्यात उतरणाऱ्या चाकरमान्यांच्या पुढच्या पिढीचा लॅपटॉप आरतीच्या वेळीही उघडा असतो. 2024 च्या जुलैत पुण्यातल्या एका बहुराष्ट्रीय लेखापरीक्षण संस्थेतील 26 वर्षांची तरुणी नोकरीच्या चौथ्या महिन्यात मृत्यू पावली. कामाच्या ताणाने ती गेली, असा आरोप तिच्या आईने पत्रातून केला. कंपनीने तो नाकारला. अंत्यविधीला कंपनीतले कुणीही आले नाही, हेही त्या पत्रात होते. मग ते 'कुटुंब' कोणते? कामाच्या तासांवर मर्यादा घालणाऱ्या कायद्याखालील नोंदणीही त्या कार्यालयाकडे नव्हती, असे कामगार खात्याच्या तपासणीत आढळले.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. कार्यालयातल्या वाढदिवसांच्या केकवरून आणि सहलींवरून संस्कृती ठरत नाही. सहा वाजता उठून घरी जाणाऱ्याला तिथे भीती वाटते का, आणि 'नाही' म्हणणाऱ्याची नोकरी टिकते का, यावरून ती ठरते. माणसाची संध्याकाळ गिळणाऱ्या व्यवस्थेला 'संस्कृती' म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे. आणि तो वर्गात दाखवून देणे हे आपलेच काम आहे.