हमीपत्रावर सही केलीत, पण दोर कुठे आहे?

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. इथला माणूस पोहायला शिकतो तो विहिरीत, तलावात, नाहीतर बेंबळा, पूस, अरुणावतीसारख्या धरणांच्या साचलेल्या पाण्यात. मग सकाळी पोहणाऱ्या चार-दहा जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप होतो. दरवर्षी मालवणच्या चिवला बीचवर सागरी जलतरण स्पर्धा होते. कुणीतरी तिची माहिती ग्रुपवर टाकतो आणि गाडी ठरते. निघण्याआधी सगळ्यांकडून एक कागद भरून घेतला जातो : "माझ्या जीवितास काही झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत."

पोहण्याला माझा विरोध नाही. गुडघे, हृदय, रक्तदाब, मन या सगळ्यांसाठी तो उत्तम व्यायाम आहे. माझा विरोध आहे या कागदाला. तो आयोजकाला वाचवत नाही, कुटुंबाला एक रुपया देत नाही आणि बुडणाऱ्याला तर मुळीच वाचवत नाही.

आयोजक खरंच सुटतो का?

१९९५ मध्ये पंजाबातल्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली आणि १४ मुलं बुडाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००१ मध्ये न्यायालयाने प्रत्येक मुलामागे पाच लाखांची भरपाई कायम केली. नेणाऱ्याने काळजी घ्यायलाच हवी, हा त्याचा अर्थ. आज निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खरोखर हयगय झाली असेल, तर हमीपत्र दाखवून हा गुन्हा पुसता येत नाही. अल्पवयीन मुलाच्या वडिलांनी सही केली असली तरीही नाही.

विमा आहे, असं तुम्हाला वाटतं. कोणता?

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचं संरक्षण मिळतं. पण ते १८ ते ७० वयासाठीच. ग्रुपमधला सोळा वर्षांचा मुलगा त्यात बसत नाही. हप्ता मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून कापला जातो; तेव्हा खात्यात पैसे नसतील तर संरक्षण नाही. पासबुक उघडून बघा.

दुसरी गोष्ट डॉक्टर म्हणून सांगतो. पाण्यात असताना हृदयविकाराचा झटका येऊन मृत्यू झाला, तर अपघात विमा तो अपघात मानत नाही. त्यासाठी कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूला लागू होणारा जीवन विमाच लागतो. मृत्यू बुडून झाला की हृदयामुळे, हे ठरवायला शवविच्छेदन लागतं. "आता चिरफाड नको," असं नातेवाईक दुःखात म्हणतात. मी ते समजू शकतो, पण पंचनामा आणि पोस्टमार्टेमच्या अहवालाविना अपघाताचा दावा अडकतो. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

गट मोठा असेल तर संस्थेची रीतसर नोंदणी करा, सभासदांची यादी ठेवा, गट अपघात विमा घ्या आणि कार्यक्रमासाठी सार्वजनिक दायित्व विमाही घ्या. विमा कंपनीला आधीच लेखी विचारा : खुल्या पाण्यात पोहणं, स्पर्धा आणि सराव हे सगळं यात धरलं आहे का? काही पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात. दारू प्यायलेल्याचा दावा नाकारला जाऊ शकतो, हेही सर्वांसमोर सांगा.

आणि जीव?

धरणात दोन किलोमीटर पोहणारा माणूस समुद्रात तेवढाच सुरक्षित असतो, असं नाही. लाट असते, भरती-ओहोटी असते आणि किनाऱ्यापासून आत खेचणारा रिप करंट असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर या आणि मग वळा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. स्पर्धेच्या दिवशी पाण्यात बचावाच्या होड्या असतात. आदल्या संध्याकाळी "जरा पाण्याचा अंदाज घेऊ" म्हणून तुम्ही उतरता, तेव्हा त्या नसतात.

धरणही निरुपद्रवी नाही. गाळ, मासेमारीची जाळी, अचानक सोडलेलं पाणी, सगळं तिथे आहे.

कुणी बुडत असेल तर थेट उडी मारू नका. वाचवायला गेलेला दुसराही जातो. दोर किंवा हवा भरलेली ट्यूब फेका. बाहेर काढलेल्याचा श्वास बंद असेल तर उलटं टांगू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका आणि मिठात तर अजिबात पुरू नका. आधी तोंडाने दोन ते पाच श्वास द्या, मग ३० वेळा छाती दाबा आणि २ श्वास, असं चालू ठेवा. दुसऱ्याने लगेच १०८ ला फोन करावा. मेंदूला प्राणवायूविना काही मिनिटंच मिळतात. शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात न्या, नंतर श्वास बिघडू शकतो.

"एवढं सगळं करायचं तर गट चालवायचा कोणी?" असं मला ऐकवलं जातं. ज्याला दोर, ट्यूब आणि सीपीआर शिकलेली दोन माणसं जमत नाहीत, त्याने चालवू नये. हा खर्च मालवणच्या एका फेरीच्या डिझेलपेक्षा कमी आहे.

म्हणून सही करण्याआधी आयोजकाला विचारा : काठावर कोण उभं राहणार? किती जण उतरले आणि किती बाहेर आले, हे कोण मोजणार? फिट्स, हृदयविकार, इन्सुलिन यांची माहिती कुणाकडे आहे? न तपासता फिटनेस सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरकडे जाऊ नका, आणि माझ्याकडे त्यासाठी येऊ नका.

उत्तरं मिळाली नाहीत तर कागद परत द्या आणि घरी जा. पोहायला दुसरा गट मिळेल.