‘सर्व्हर डाऊन’चा हंगाम

धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार त्याची दारे 1 जुलैला उघडतात आणि 28 ऑक्टोबरपर्यंत उघडी राहतात. या अटीविषयी मराठवाड्याची तक्रार जुनी आहे. परंतु तारीख ठाऊक असल्याने शेतकऱ्याला निदान आपला बेत आखता येतो. ज्या संगणकीय साठ्यात त्याचा सातबारा आणि पीकपाहणी ठेवली आहे, त्याची दारे केव्हा मिटतील याला मात्र तारीख नाही.

15 ऑगस्ट 2021 पासून पिकाची नोंद मोबाइलवरून करण्याची पद्धत राज्यभर आली. हंगामाची अखेर जवळ आली की ‘सर्व्हर डाऊन’ची ओरड होते, मुदतवाढ मिळते आणि पुढल्या हंगामात तोच प्रयोग रंगतो. 2025 च्या खरिपातही मुदत वाढवावी लागली. ही नोंद नसेल, तर हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीन घालणे अवघड होते, हे तेथील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

माहितीसाठ्याची देखभाल ही काही गूढ विद्या नव्हे. रात्री साठ्याची प्रत काढायची, शोधसूची नव्याने बांधायची, व्यवहारांची रोजनिशी हलकी करायची. यांतले एक काम तुंबले की ते सकाळच्या कामावर आदळते. रोजनिशीने जागा भरली की साठा नवी नोंद घेणेच थांबवतो. अशा वेळी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की तात्पुरते भागते आणि मूळ दोष झाकला जातो. बंद पडण्याची वेळ, यंत्राने दिलेली शेवटची सूचना आणि त्या क्षणी चालू असलेली कामे यांची टिपणे शेजारी मांडली, तर दोष बहुधा दोन-चार खेपांत हाती लागतो. आणि प्रतीवरून साठा पुन्हा उभा करून पाहिल्याखेरीज ती प्रत म्हणजे केवळ समजूत होय.

धर्माबादच्या वेशीपलीकडे तेलंगणाने 29 ऑक्टोबर 2020 रोजी ‘धरणी’ सुरू केली. तक्रारी साचत गेल्या आणि 2025 मध्ये तिच्या जागी ‘भूभारती’ आली. पाटी बदलता येते. चुकलेल्या नोंदी नव्या घरातही बिऱ्हाड करतात.

2017 मध्ये महाराष्ट्राने संगणकीय उताऱ्यांचे गावोगाव चावडीवाचन केले, ते योग्यच होते. आता प्रत्येक खोळंब्याचे कारणही तहसीलच्या फलकावर लागावे, देखभालीची वेळ आधी जाहीर व्हावी आणि साठा बंद राहिला तितके दिवस अर्जाविना मुदतीत मिळावेत.