मैदानावरील मुले आणि आपले मौन

मुलाला खेळायला पाठविताना आपण त्याच्या बुटांची, पाण्याच्या बाटलीची आणि परतीच्या गाडीची चौकशी करतो. ज्या माणसाच्या हाती ते मूल सोपवायचे, त्याची चौकशी मात्र करीत नाही. ‘तो आपलाच माणूस आहे’ एवढे प्रमाणपत्र आपल्याला पुरते. या प्रमाणपत्राविरुद्धच आज आम्हांला लिहावयाचे आहे.

कळंबसारखे मांजराकाठचे तालुक्याचे गाव घ्या. धाराशिव जिल्ह्याचा लौकिक खो-खोचा. इथल्याच सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलचे वारे अलीकडचे. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला. त्याआधी, १५ सप्टेंबर रोजी, राज्यातील दहा लाख मुलामुलींनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावे असा उपक्रम शासनाने हाती घेतला. चेंडू गावोगावच्या शाळांत पोहोचला, याचा आम्हांला आनंदच आहे. पण चेंडूमागून संघ येतो, संघामागून बाहेरगावचे सामने आणि रात्रीचे मुक्काम येतात. कोणाला संघात घ्यायचे आणि कोणाला बाकावर बसवायचे, हे ठरविणारा माणूस एकच असतो. त्याच्यापुढे बारा-तेरा वर्षांचे मूल ‘नाही’ कसे म्हणणार? आणि ज्या घरची माणसे ऊसतोडीच्या हंगामात महिनोन्महिने परमुलखी असतात, त्या घरचे मूल आपले गाऱ्हाणे सांगणार कोणाला?

हा बागुलबुवा आहे, असे कोणी म्हणेल. इंग्लंडमध्येही तसेच म्हटले जात होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये एका माजी खेळाडूने आपल्या बालपणीच्या छळाची कहाणी जाहीरपणे सांगितली आणि बांध फुटला. तेथील फुटबॉल संघटनेने नेमलेल्या शेल्डन चौकशीचा अहवाल मार्च २०२१ मध्ये आला. १९७० ते २००५ या काळातले किमान २४० संशयित आणि ६९२ पीडित त्यात नोंदले आहेत. ते प्रशिक्षक परके नव्हते. आईबापांच्या घरी ऊठबस असलेले, गावाने डोक्यावर घेतलेले होते. आपल्याकडे २०२२ मध्ये, सतरा वर्षांखालील मुलींचा भारतीय संघ युरोपच्या दौऱ्यावर असताना, सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून परत बोलावून पदावरून दूर करावे लागले. राष्ट्रीय संघाची ही कथा, तर तालुक्याच्या संघाला कोण विचारतो?

आमचे काही मित्र म्हणतात, ‘काळजी मुलींची घ्या, मुलांना काय होणार?’ केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील पाहणी प्रसिद्ध केली. लैंगिक छळ सोसल्याचे सांगणाऱ्या बालकांत निम्म्याहून अधिक, ५२.९४ टक्के, मुलगे होते. मुलगा बोलत नाही, याचे कारण त्याला काही झालेले नसते हे नव्हे. ‘पुरुषासारखा वाग’ हे आपणच त्याला शिकविलेले असते.

दुसरा आक्षेप अधिक धूर्त आहे : ‘चौकशी लावली तर फुकट राबणारे कार्यकर्ते निघून जातील.’ ज्याचे मन स्वच्छ आहे, तो पोलीस पडताळणीच्या एका अर्जाने दुखावत नाही. नियम तर त्याचेही खोट्या आळापासून रक्षण करतो. जो निघून जाईल, त्याला खुशाल जाऊ द्यावे.

तिसरा आक्षेप मंडळाच्या अब्रूचा. हाच सर्वांत घातक. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला. अठरा वर्षांखालील बालकावर असा गुन्हा झाल्याचे किंवा होण्याचा संभव असल्याचे ज्याला कळेल, त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे, असे त्यात आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला मात्र कायद्याचे अभय आहे. २०२० च्या नियमांनी तर क्रीडा प्रबोधिन्यांचा स्पष्ट उल्लेख करून मुलांच्या संपर्कातील कर्मचाऱ्यांची वेळोवेळी पोलीस पडताळणी बंधनकारक केली. २०२४ साली बदलापूरच्या शाळेतील प्रकरणात माहिती न दिल्याबद्दल संस्थाचालकांवरही गुन्हा दाखल झाला. अब्रू झाकण्यासाठी ओढलेला पडदा शेवटी अब्रूच घेऊन जातो.

आम्ही ख्रिस्ती लोकांनी तरी या बाबतीत इतरांना शहाणपण शिकवू नये. जगभरच्या चर्चने मौनाची जबर किंमत मोजली, आणि त्याहून जबर किंमत मुलांनी मोजली. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरू व व्रतस्थांना अशा प्रकारांची माहिती वरिष्ठांना देणे बंधनकारक केले. जो नियम वेदीपाशी लागू, तो धर्मग्रामाच्या युवक संघाला का नसावा? लहानग्यांना अडखळविणाऱ्यासाठी सांगितलेली जात्याच्या तळीची उपमा आपण प्रवचनांतून पुष्कळ ऐकली. ती पाहून न पाहिल्यासारखे करणाऱ्यालाही लागू पडते, असे आमचे मत आहे.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. प्रत्येक प्रवासात दोन प्रौढ असावेत, मुलींच्या संघासोबत एक स्त्री असावीच. मुक्कामाला प्रशिक्षकाने मुलांच्या खोलीत झोपू नये. मुलाला एकट्याला फोनवर निरोप धाडू नयेत. जे कळवायचे ते पालकांच्या देखत कळवावे. प्रशिक्षकाच्या गोतावळ्याबाहेरील एका व्यक्तीकडे तक्रार ऐकण्याचे काम लेखी सोपवावे, आणि १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक मैदानाच्या फलकावर ठळक लिहावा. यांतल्या कशालाही मोठा निधी लागत नाही, ठराव लागतो. येत्या हंगामाची वर्गणी भरण्यापूर्वी प्रत्येक पालकाने तो ठराव पाहावयास मागावा. मंडळाकडे तो नसेल, तर वर्गणी खिशात ठेवावी आणि मुलाला घरी आणावे.