तंजावरची सहल, आजीच्या चालीनं



चेन्नईतला पाऊस आता ओसरतोय. पोंगल झालं की फेब्रुवारी येईल आणि सकाळी पंखा एक नंबर कमी करावा लागेल. आपल्या शहराचा वसंत तो एवढाच! मार्चच्या मध्यापर्यंत ऊन तापतं, मुलांच्या परीक्षा डोक्यावर येतात. म्हणजे सगळ्या घरानं मिळून फिरायला हातात उरतात जेमतेम चार-पाच आठवडे. त्यांची आखणी आत्ताच करायला हवी.

आधी आमची फजिती सांगते. गेल्या फेब्रुवारीत आम्ही सहा जण गाडीनं निघालो. पाँडिचेरी, चिदंबरम, कुंभकोणम, तंजावर, त्रिची: पाच गावं, तीन दिवस. कागदावर सगळं अगदी छान बसलं होतं. आजीला मात्र एकच गोष्ट पाहायची होती, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातला मराठी शिलालेख. सरफोजीराजे दुसरे यांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तिथल्या भिंतीवर कोरून घेतला. तमिळ देशातल्या हजार वर्षं जुन्या चोळ मंदिरात इतका मोठा मराठी मजकूर आहे, हे तिनं शाळेत ऐकलं होतं.

आम्ही पोचलो दुपारी एक वाजता. गाभारा बंद, आवारातली दगडी फरशी तापलेली आणि सगळे अनवाणी. आजी सावलीत टेकली आणि म्हणाली, "तुम्ही बघून या रे, मला फोटो दाखवा." फोटो दाखवला, पण मोबाइलवर तिला एक अक्षर लागेना. साडेतीनला त्रिचीकडे निघायचंच होतं, कारण हॉटेलचे पैसे भरलेले होते. परतताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला आहे: सहल घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाच्या वेगानं आखायची. मग ती आजी असो, नाहीतर तीन वर्षांचा भाचा.

गावं कमी, मुक्काम जास्त

यंदा आम्ही दोनच गावं घेतली आहेत. पहिल्या दिवशी सकाळच्या रेल्वेनं कुंभकोणम. पोचल्यावर जेवण, झोप आणि संध्याकाळी चार किलोमीटरवरचं दारासुरम. तिथलं ऐरावतेश्वर मंदिर जागतिक वारसा यादीत आहे आणि दगडी रथाची चाकं, घोडे मुलांना फार आवडतात. दुसऱ्या दिवशी तंजावर. अंतर चाळीसेक किलोमीटर, म्हणजे रेल्वेनं तासाभरात पोचता येतं. तंजावरला दोन मुक्काम. एक संध्याकाळ मंदिराची, दुसरी सकाळ फक्त शिलालेखाची.

तमिळनाडूतली बहुतेक मंदिरं दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास बंद होतात ती चारनंतर उघडतात. त्यामुळे दुपार प्रवासाला किंवा झोपेला ठेवा. सोबत जाड पायमोजे असू द्या. फेब्रुवारीतही दुपारचा दगड पोळतो.

मधल्या वेळात राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय आहे. तिथे मोडी लिपीतले मराठी कागद ढिगानं जपलेले आहेत. सगळेच पाहायला मिळत नाहीत, पण संग्रहालयाचा भाग सर्वांसाठी आहे. 1855 पर्यंत इथे मराठ्यांचं राज्य होतं, हे मुलांना पुस्तकापेक्षा इथे लवकर कळतं. निघण्याआधी सुट्टीचा वार तेवढा तपासून घ्या.

तिकिटांचं गणित

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. 20 फेब्रुवारीला निघायचं असेल तर 22 डिसेंबरला सकाळी 8 वाजता मोबाइल हातात हवा. शिवरात्रीच्या आसपास चिदंबरम, तंजावरला नाट्यांजलीची गर्दी असते. नृत्य पाहायचं असेल तर मुद्दाम जा, नाहीतर तो आठवडा टाळा.

एकाच तिकिटावर मध्ये उतरून पुढे जाण्याची सोय 500 किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासालाच मिळते. चेन्नई-तंजावर अंतर त्यापेक्षा कमी आहे, म्हणून प्रत्येक टप्प्याचं वेगळं तिकीट काढा.

परतीचा प्रवास रात्रीचा असेल तर आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढा आणि ज्येष्ठांचा लोअर बर्थ कोटा निवडा. 60 वर्षांवरचे पुरुष आणि 45 वर्षांवरच्या स्त्रिया यांना तो मिळतो, पण तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असले तर. सहा जणांच्या तिकिटात तो मिळत नाही. आम्हाला हे ठाऊक नव्हतं!

पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारामधल्या मुलाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं. आणि गाडी एग्मोरहून सुटते की तांबरमहून, हे तिकिटावर दोनदा वाचा.

मग गाडी कधी काढायची?

जिंजीसाठी. शिवाजी महाराजांनी 1677 मध्ये घेतलेला आणि पुढे राजाराम महाराजांनी वर्षानुवर्षं लढवलेला हा किल्ला चेन्नईहून दीडशेएक किलोमीटरवर आहे. 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले 11 महाराष्ट्रात आहेत आणि बारावा हा. पहाटे पाचला निघा. तरुण मंडळींनी ऊन चढायच्या आत राजगिरी चढावी. आजी-आजोबांना पायथ्याशीच कल्याण महाल आणि धान्याची कोठारं पाहता येतात. हा प्रवास तंजावरला जोडू नका. त्याला वेगळा रविवार द्या.

निघण्याआधी घरात प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "तुला नक्की काय पाहायचंय?" प्रत्येकाची एक गोष्ट लिहून घ्या आणि तिला दिवसातली चांगली वेळ द्या. उरलेल्या वेळात बाकीचं बसवा. नाही बसलं तर सोडून द्या. आम्ही त्रिची सोडली. बाबा थोडे रुसले, पण कुंभकोणमच्या डिग्री कॉफीवर तयार झाले.

आजीनं या वेळी वाचायचा चष्मा आणि भिंग आत्ताच पर्समध्ये टाकून ठेवलं आहे. "मी एकेक ओळ वाचणार," म्हणते, "कुणी घाई करायची नाही."

तुमच्या घरातल्या आजी-आजोबांना कुठे जायचंय? आज जेवताना विचारा आणि आम्हालाही नक्की कळवा.