झाडावर चढण्याआधी गाठ शिका

पावसाळा तोंडावर आला की शहरोशहरी फांद्या छाटण्याचे काम निघते. ठेकेदाराकडे रोजावर हे काम करणारे बहुधा आपल्याच वस्त्यांतले असतात. हातात कोयता, कमरेला गुंडाळलेला काथ्याचा दोर, एवढ्यावर माणूस तीस-चाळीस फूट वर जातो. लोक त्याच्या हिमतीचे कौतुक करतात. आम्हांस वाटते, हिंमत आपल्याकडे भरपूर आहे. दोराची विद्या मात्र आपल्याला कोणी शिकवलेली नाही.

अमेरिकेत हरणांची शिकार करणारे हौशी लोक ही विद्या शिकूनच झाडावर बसतात. ते मांड्यांना व कमरेला आधार देणारा रुंद पट्टा घालतात. त्याला 'सॅडल' म्हणतात. एक दोर खोडाभोवती, दुसरा डोक्यावर बांधलेला. आपल्या देशात शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण तिथे हौसेसाठी जी काळजी घेतली जाते, ती आपल्या माणसाला पोटासाठी चढताना का मिळू नये?

तीन गाठी प्रत्येकाने शिकाव्यात. पहिली आठाची गाठ. दोराला इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा द्यायचा, टोक पट्ट्याच्या कडीतून ओवायचे आणि त्याच वाटेने उलट परत आणायचे. ही गाठ सुटत नाही, आणि चुकली तर खालून पाहणाऱ्यालाही कळते.

दुसरी बोलाइन. दोरावर लहान कडे करा, टोक त्यातून खालून वर काढा, उभ्या दोरामागून फिरवा आणि त्याच कड्यात परत खाली घाला. हिचा फास आवळत नाही, काम झाल्यावर सहज सुटते. मात्र ताण नसताना ती सैल होऊ शकते. म्हणून उरलेल्या टोकाची आणखी एक गाठ मारावी.

तिसरी प्रुसिक. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी ती १९३१ साली लोकांपुढे मांडली. मुख्य दोर ११ मिलिमीटरचा असेल तर ८ मिलिमीटरच्या दोरीचा फेर करून त्यावर तीन वेढे द्यायचे. हाताने ढकलली तर गाठ सरकते, अंगाचा भार पडला की जागीच घट्ट धरते. दोन्ही दोर सारख्या जाडीचे असतील तर पकड नीट बसत नाही.

कोणतीही गाठ बांधल्यावर वेढे नीट बसवा, आवळा आणि वीतभर टोक शिल्लक ठेवा. गाठ मारली की तिथे दोराची ताकद साधारण चौथा हिस्सा किंवा अधिक घटते. म्हणून दोर मुळातच भक्कम हवा. उन्हाने कडक झालेला, पीळ उसवलेला, करवतीचा ओरखडा लागलेला दोर चढण्यासाठी वापरू नये.

आता चढण्याची रीत. जमिनीवरच दोर बांधून निघावे. मध्ये फांदी आली तर आधी दुसरा दोर फांदीच्या वर बांधावा, मगच पहिला सोडावा. दोर बांधलेल्या जागेच्या वर कधी जाऊ नये आणि तो ढिला ठेवू नये. नुसता कमरेला दोर बांधून पडलेला माणूस दोर टिकला तरी बरगड्या मोडून घेतो, लटकताना त्याचा श्वास कोंडतो. शेवगा आणि गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ असतात, त्यांवर भिस्त ठेवू नये. जवळून विजेची तार जात असेल तर प्रवाह बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय चढू नये. खाली एक जाणता माणूस हवाच. वर कोणी बेशुद्ध होऊन लटकला तर त्याला काही मिनिटांत उतरवावे लागते.

हा सराव आठवडाभर घरी खिडकीच्या गजाला दोर बांधून करावा. मुलांनाही बसवावे, गृहिणींनी गाठ तपासायला शिकावे. त्यानंतर जाणकाराच्या देखरेखीखाली कमरेइतक्या उंचीवर लटकून पाहावे. केवळ वाचून कोणी झाडावर चढू नये.

पट्टा आणि दोर देणे हे मालकाचे काम आहे. ते मागताना संकोच नको. कामावरील अपघाताच्या भरपाईचा हक्क १९२३ च्या कायद्याने दिला आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो घेतला गेला. पण भरपाईच्या पैशाने घरातला माणूस परत येत नाही. म्हणून बंधूंनो, चार जणांनी मिळून ठेकेदाराला एकदाच सांगा: पट्टा नाही, तर चढणार नाही.