कुलूप कोणाच्या शाळेला?

करोनाच्या महासाथीत निवासी शाळा चालवाव्यात की नाही, हा वाद २०२० ते २०२२ या काळात बराच रंगला. साथ ओसरली, वादही विझला. परंतु त्यातून निघालेला एक निष्कर्ष मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणि सरकारी दफ्तरांत घर करून बसला आहे. वयात येणाऱ्या मुलामुलींना एका छपराखाली ठेवणे धोक्याचे आणि खर्चाचे. घरोघरी मोबाइल आले, आता वसतिगृह हवेच कशाला, असा तो निष्कर्ष. श्रमिकांच्या मुलांच्या मुळावर येणारा हा विचार तपासून पाहिला पाहिजे.

पाचगणीसारख्या ठिकाणी लाखांनी फी भरणाऱ्या पालकांपुढे प्रश्न पैसे वसूल होण्याचा होता. मुलगा घरी बसला असता वसतिगृहाची फी कशाची, हा त्यांचा सवाल गैर नव्हता. राज्य सरकारनेही ऑगस्ट २०२१ मध्ये शाळांच्या फीत १५ टक्के कपातीचा आदेश काढला. मात्र राज्यातील सुमारे ५०० शासकीय आणि त्याहून अधिक अनुदानित आश्रमशाळांतील मुलांपुढे प्रश्न ताटाचा होता. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली तेव्हा त्यांच्या वर्गाबरोबर त्यांचे दोन वेळचे जेवण, अंथरूण आणि रात्रीचा दिवाही बंद झाला.

नागपूरच्या दक्षिणेची बुटीबोरी पाहावी. तेथील औद्योगिक वसाहतीभोवती भाड्याच्या एकेका खोलीत कंत्राटी कामगारांची कुटुंबे राहतात. टाळेबंदीत त्यांची हजेरी बुडाली, आणि हैदराबादकडून येणाऱ्या महामार्गाने गावाकडे पायी निघालेल्या श्रमिकांचे तांडे याच बुटीबोरीवरून नागपूरकडे सरकले. ज्या खोलीत रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो आणि त्याच्या उशाशीच स्वयंपाक शिजतो, त्या खोलीत पंधरा वर्षांच्या मुलीने मोबाइलवर दहावी करावी, अशी सरकारची अपेक्षा होती! राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भारतातील जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. २०२१ मध्ये दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. उत्तीर्ण बहुतेक सगळेच झाले. शिकले किती, हे विचारण्याची तसदी कोणी घेतली?

साथीचा धोका खोटा होता, असे कोणीही म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये वाशीम जिल्ह्यातील देगाव येथील एका निवासी शाळेत २०० हून अधिक विद्यार्थी बाधित निघाले. परंतु दाटी हाच रोगप्रसाराचा मार्ग असेल, तर कामगाराच्या दहा बाय दहाच्या खोलीत कोणते अंतर पाळले जाणार होते? ज्या वर्गात शिकायचे त्याच वर्गात रात्री झोपायचे, ही अनेक आश्रमशाळांची अवस्था करोनाच्या आधीपासूनची. आश्रमशाळांतील मुलांच्या मृत्यूंकडे डॉ. सुभाष साळुंखे समितीने २०१६ मध्येच लक्ष वेधले होते. विहिरीचे पाणी नासले तर गाळ उपसायचा असतो. विहीर बुजवायची नसते.

राज्यकर्त्यांचा कल मात्र बुजविण्याकडे आहे. वसतिगृहात जागा नाही म्हणून बँकेच्या खात्यात रक्कम, हा मार्ग २०१६ मध्ये काढला गेला. २०१८ मध्ये भोजनाच्या जागी रोख रक्कम आली, आणि तिच्याविरुद्ध आदिवासी विद्यार्थ्यांना पुण्याहून नाशिककडे पायी निघावे लागले. रकमेतून डाळ-तांदूळ विकत मिळेल. अभ्यासाची जागा, सोबत आणि आजारपणात विचारपूस करणारे माणूस कोणत्या दुकानात मिळते?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण चौदाव्या वर्षी संपते. नेमक्या त्याच वयात मुलगा कारखान्याच्या फाटकाशी आणि मुलगी बोहल्यावर उभी केली जाते. महासाथीपूर्वी झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे विवाह अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. अशा घरातील मुलीच्या बाबतीत वसतिगृहाचे दार बंद होणे म्हणजे बहुधा तिचे शिक्षणच बंद होणे.

शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात वसतिगृह उघडले, तेव्हा मुंबई इलाख्यात प्लेगाचे थैमान चालू होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने गावेच्या गावे ओस पाडली. त्यानंतर सहाच वर्षांनी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविले आणि लक्ष्मीबाईंनी त्या पंगतीसाठी अंगावरचे दागिने मोडले. साथींच्या भयाने त्या पिढीने वसतिगृहाचा विचार सोडला असता, तर बहुजनांच्या किती घरांत पहिला पदवीधर झाला असता?

म्हणूनच कार्यकर्त्यांनी या प्रश्नाला हात घातला पाहिजे. प्रत्येक विद्यार्थ्याला खाट, मोकळी हवा, आजाऱ्यांसाठी स्वतंत्र खोली आणि निवासी परिचारिका. बुटीबोरीसारख्या प्रत्येक औद्योगिक वसाहतीत कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृह. आणि अठराव्या वर्षापर्यंत शिक्षणाचा हक्क, या मागण्या गावसभेपासून विधानसभेपर्यंत गाजल्या पाहिजेत. कारखानदाराला जमीन, पाणी आणि वीज देताना सरकारला तिजोरी आठवत नाही. कामगाराच्या मुलीला एक खाट देतानाच ती का आठवते, याचा जाब विचारलाच पाहिजे.