कपाटाची किल्ली

गेल्या दिवाळीपूर्वीं माळ्यावरची जुनी पेटी आवरतांना आमच्या धाकट्या सूनबाईला एक पितळी किल्ली सांपडली. "मामंजी, ही कोणत्या कुलुपाची?" असें तिनें विचारलें. "शाळेंतील ग्रंथकपाटाची. आतां निरुपयोगी आहे," एवढेंच सांगून मीं पोथी उघडली, परंतु त्या दिवशीं पोथींत लक्ष लागलें नाहीं. वाचकहो, या सदरांत मी आजवर शिकविण्याच्या गोष्टी सांगत आलों आहें. या वेळीं न शिकविल्याची एक सांगतों.

सव्वीस वर्षें शाळेचें ग्रंथालय माझ्या स्वाधीन होतें. ग्रंथालय म्हणजे तीन लांकडी कपाटें. पुस्तक हरवल्यास त्याची किंमत मास्तरांच्या वेतनांतून वळती व्हावयाची, असा दंडक होता. म्हणून मीं हरवण्याची वाटच बंद करून टाकली. कपाट क्वचितच उघडीत असें. पुस्तक परक्याच्या हातीं गेलें कीं गेलेंच, अशा अर्थाचें एक सुभाषित आहे. तें मी मुलांकडून मोठ्या प्रेमानें पाठ करवून घेई! वर्षाअखेर मोजदाद होई, यादीबरहुकूम एकूणएक पुस्तक जागेवर निघे, आणि दप्तरांत 'चोख' असा शेरा पडे.

सातवींत एक मुलगा होता. बाप वीटभट्टीवर कामाला. कपाटाच्या कांचेतून त्यानें ताऱ्यांवरचें एक पुस्तक हेरलें होतें. तो तीनदां मागावयास आला. पहिल्यानें मीं सांगितलें, हात स्वच्छ धुऊन ये. दुसऱ्यानें सांगितलें, परीक्षा होऊं दे. तिसऱ्या वेळीं म्हणालों, किल्ली घरीं राहिली. वास्तविक ती माझ्या जानव्यालाच बांधलेली होती. पुढील वर्षीं तो मुलगा शाळेंत आला नाहीं. कांहीं वर्षांनीं खालच्या फळीला वाळवी लागली, तेव्हां तें पुस्तक बाहेर निघालें. निम्म्याची माती झाली होती. मागील चिठ्ठीवर मात्र एकही तारीख नव्हती. त्याची किंमत माझ्या वेतनांतून कापली गेली नाहीं, कारण वाळवीनें खाल्लेलें पुस्तक हरवलेलें नसतें.

निवृत्तीनंतर रंगनाथन् यांच्याविषयीं वाचावयास मिळालें. हे आमच्याच व्यवसायांतले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत गणित शिकवीत. १९२४ सालीं मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि थोड्याच दिवसांत कंटाळून पुन्हां शिकवावयास जातों म्हणूं लागले. विद्यापीठानें त्यांना अभ्यासासाठीं लंडनास पाठविलें. तेथील सार्वजनिक ग्रंथालयें लहानथोरांच्या कशीं उपयोगीं पडतात हें पाहून ते १९२५ मध्यें परतले, तें कायमचे ग्रंथपाल होऊनच. १९३१ मध्यें त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें मांडलीं. पुस्तक हें वापरण्यासाठीं असतें, हा पहिल्या सूत्राचा आशय. पाणिनीचीं सूत्रें मीं तरुणपणींच पाठ केलीं; हें एवढेंसें सूत्र कळावयास मला साठी उलटावी लागली. त्याच १९३१ सालीं तिकडे मन्नारगुडीच्या भागांत बैलगाडींतून पुस्तकें खेडोपाडीं जाऊं लागलीं.

पण आपणां मराठी घरांना याहून जवळचें उदाहरण बडोद्याचें आहे. सयाजीराव महाराज नाशिक जिल्ह्यांतील कवळाण्याचे. १८७५ मध्यें दत्तक जाईपर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. अक्षराचें मोल ज्याला उशिरा कळतें त्याला तें अधिक कळत असावें. १८९३ मध्यें अमरेलीच्या कांहीं गांवीं व १९०६ मध्यें साऱ्या संस्थानांत त्यांनीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. परंतु शाळा सुटली, घरीं पुस्तक नाहीं, कीं शिकलेलें अक्षर पुसून जातें. ही अडचण ओळखून १९१० मध्यें त्यांनीं बॉर्डन नांवाच्या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केलें. बॉर्डन तीन वर्षें राहिले. तेवढ्या अवधींत मध्यवर्ती ग्रंथालय उभें राहिलें. स्त्रियांची व मुलांची निराळी सोय झाली. १९११ मध्यें ग्रंथपालांना शिकविण्याचा वर्ग निघाला. गांवानें जेवढी रक्कम जमवावी तेवढीच प्रांत पंचायतीनें व तेवढीच सरकारनें घालावी, अशी योजना होती. म्हणजे ग्रंथालयांत गांवाचाही तिसरा हिस्सा. आणि जेथें ग्रंथालय नव्हतें तेथें निवडक पुस्तकांच्या लांकडी पेट्या पाठवीत. एक वाचून झाली कीं दुसरी येई. माझें कपाट सव्वीस वर्षें भिंतीला टेकून उभें होतें. तिकडे कपाटेंच प्रवासाला निघालीं होतीं.

आतां आमच्या गांवचें वाचनालय. महाराष्ट्रांत १९६७ पासून ग्रंथालयांचा कायदा आहे, अनुदान आहे, अ-ब-क-ड असे दर्जे आहेत. ग्रंथपालांचें वेतन मात्र सांगण्याजोगें नाहीं. येथें एक बाई हें काम पाहतात. सकाळीं त्या अभ्यासिका उघडतात, तेव्हां दाराशीं स्पर्धा-परीक्षेचीं पांचसात मुलें उभीं असतात. ज्यांच्या घरीं दोन खोल्यांत सात माणसें, त्यांना शांत टेबल दुसरीकडे कोठें मिळणार? आमच्या वहिनींना जिना चढवत नाहीं. त्यांच्यासाठीं ठळक टाइपाचें पुस्तक बाई आठवणीनें बाजूला काढून ठेवतात. आपल्यासारख्या घरीं "पुस्तकें आहेत कीं भरपूर" असें म्हणून वर्गणी बंद करण्याची चाल पडली आहे. मींही ती केली होती. दिवाळीनंतर पुन्हां सुरू केली.

वर्गणी भरावयास गेलों त्या दिवशीं मेजापाशीं एक चाळिशीचा गृहस्थ मुलीचें नांव नोंदवीत होता. त्यानें वळून पाहिलें आणि वांकून नमस्कार केला. "गुरुजी, ओळखलंत का?" मीं ओळखलें होतें. मुलगी तोंपर्यंत आंत जाऊन फळीवरचीं पुस्तकें स्वतःच काढून पाहत होती. बाई तिला कांहीं बोलल्या नाहींत. बाप आपल्या धंद्याविषयीं, पावसाविषयीं बोलला. ताऱ्यांच्या पुस्तकाचा विषय त्यानें काढला नाहीं, आणि मलाही तो काढण्याचा धीर झाला नाहीं.

किल्ली सूनबाईनें अजून टाकलेली नाहीं. देवघराच्या फडताळांत आहे.